चित्रात नसलेला भटारखाना

जुनी युद्धपोस्टरं जमवणारे कागद बघतात, रंग बघतात, किंमत बघतात. मी आधी विचारतो, हे कुणी छापलं नि कुणासाठी?

अमेरिकेच्या युद्धमाहिती खात्याचं १९४३ चं पोस्टर घ्या. चित्रकार डेव्हिड स्टोन मार्टिन. छातीवर नेव्ही क्रॉस लावलेला काळा खलाशी डोरी मिलर. कुणीही म्हणेल, काय सन्मान! पण चित्रात भटारखाना नाही. मिलर जहाजावर वाढपी होता. कारण त्या काळी आरमारात भरती होणाऱ्या काळ्यांना गोऱ्या अधिकाऱ्यांची ताटं-कपडे सांभाळण्याचंच काम मिळे. ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर त्यानं कधी न शिकवलेली मशिनगन चालवली. आरमारानं आधी त्याचं नावसुद्धा सांगितलं नाही. काळ्यांच्या वर्तमानपत्रांनी ते खणून काढलं, पदकासाठी रेटा लावला.

मग सरकारनं पोस्टर का काढलं? काळी जनता विचारत होती, हे युद्ध आमचं कसं? १९४२ मध्ये 'पिट्सबर्ग कूरियर'नं दुहेरी विजयाची हाक दिली होती. बाहेर फॅसिझमवर, घरात वर्णभेदावर. सरकारनं पहिला विजय उचलला, दुसरा चित्राबाहेर ठेवला.

नोव्हेंबर १९४३ मध्ये मिलर जहाजाबरोबर बुडाला, तेव्हाही तो स्वयंपाकीच होता. सैन्यातला वर्णभेद संपवायचा हुकूम निघाला १९४८ ला.

म्हणून पोस्टर फाडा असं मी म्हणत नाही. तो चेहरा लोकांनी भांडून तिथं आणलाय. जमवा, टांगा, पण शेजारी त्या पेपराचा अंकही टांगा. नुसतं चित्र टांगाल तर १९४३ च्या सरकारचं काम आजही फुकटात कराल.