उपहासाच्या हाती काठी

एका माध्यमातील कलाकृती दुसऱ्या माध्यमात गेली की तिच्या चाहत्यांत दोन तट पडतात, हे मराठी रसिकाला नवे नाही. कादंबरीचा चित्रपट झाला आणि भांडण झाले नाही, असे क्वचितच घडते. 'साउथ पार्क' या अमेरिकन व्यंगचित्रमालिकेवरून निघालेल्या संगणकीय खेळांबद्दल तिचे चाहते जो वाद घालीत आले आहेत, तो वरवर पाहता याच जातीचा आहे. चेन्नईतील आमच्या कचेरीत जेवणाच्या सुटीत दोन तरुण तमिळ सहकारी तो इतक्या तळमळीने घालतात की सांबार निवून जाते. परंतु या वादाच्या पोटात एक निराळा प्रश्न आहे, आणि तो विनोदाच्या अभ्यासकाने टाळण्याजोगा नाही. उपहास पाहण्याची वस्तू आहे. तो करण्याची वस्तू झाला, तर उपहास उरतो काय?

ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन या दोघांची ही मालिका १९९७ साली सुरू झाली. कोलोरॅडोतील एक बर्फाळ गाव आणि तेथील चार शाळकरी पोरे एवढाच तिचा संसार. कागदाची कात्रणे सरकवून पहिला भाग केला गेला. पुढे संगणक आला, तरी त्याच्याकडूनही कागदाचे सोंगच करून घेण्यात आले. भाषा ग्राम्य, पुष्कळदा किळस यावी इतकी. पण तिचे खरे बळ वेगात आहे. बहुतेक भाग आठवड्याभरात लिहून, रेखाटून प्रक्षेपित होतो, त्यामुळे सोमवारची बातमी बुधवारी हास्यास्पद ठरलेली असते. आपल्या लोकनाट्याची हीच रीत नव्हे काय? वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'त दादा कोंडके सकाळच्या वर्तमानपत्राचा समाचार रात्रीच्या प्रयोगात घेत, तेव्हा संहिता रोज थोडी नवी होई.

खेळाला हे साधणारे नाही. 'द स्टिक ऑफ ट्रुथ' हा खेळ २०११च्या अखेरीस जाहीर झाला आणि २०१४च्या मार्चमध्ये बाहेर आला. मधल्या काळात त्याची मूळ प्रकाशक संस्था दिवाळखोरीत गेली आणि हक्क युबिसॉफ्टकडे आले. एवढ्या अवधीत कोणत्याही ताज्या विनोदाचे लोणचे होते. 'हा खेळ म्हणजे मालिकेतील जुन्या थट्टांचे प्रदर्शन आहे,' असा एका पक्षाचा आक्षेप आहे. तो अगदीच निराधार नाही. गावातल्या प्रत्येक घरात, प्रत्येक कपाटात कुठल्या ना कुठल्या जुन्या भागाची आठवण ठेवलेली आहे. ती ओळखली की चाहता सुखावतो. ही ओळखीची गुदगुली आहे. तिला उपहास म्हणता येणार नाही.

तरीही हा खेळ मला महत्त्वाचा वाटतो तो दुसऱ्या कारणाने. वर्तमानावर नेम धरता येत नाही हे जाणून लेखकांनी खेळ या प्रकारावरच नेम धरला. पोरे जादूगार आणि वनदेव यांची सोंगे घेऊन एका काठीसाठी लढत असतात. गावात नव्याने आलेला मुलगा म्हणजे खेळणारा स्वतः. त्याने आपले नाव टंकलिखित करावे, आणि कार्टमन नावाच्या गुबगुबीत हुकूमशहाने ते न वाचताच त्याला एक शिवी नाव म्हणून बहाल करावी. हा नायक जवळजवळ शेवटपर्यंत अवाक्षर बोलत नाही. जो सांगेल त्याचे काम करतो. का, कशासाठी, विचारीत नाही. अशा खेळांतले शूर नायक बहुधा असेच मुके आणि आज्ञाधारक असतात, हे येथे प्रथम हसू येऊन ध्यानात येते; आणि हसणाऱ्याच्या बोटांनीच ती आज्ञा पाळलेली असते. (कारकुनी पेशातल्या माणसाला हे चित्र अपरिचित वाटू नये.) मालिका पाहताना आपण मूर्खांकडे बाहेरून पाहतो. येथे तो आडोसा काढून घेतला आहे. १९९८ साली याच मालिकेवरून निघालेल्या, बर्फाचे गोळे फेकण्याच्या खेळात हे काहीच नव्हते. तेथे पोरांच्या जागी दुसरी कोणतीही बाहुली चालली असती.

या शहरातले एक उदाहरण येथे आठवते. चो रामस्वामी यांचे 'मुहम्मद बिन तुघलक' हे तमिळ नाटक १९६८ साली मद्रासच्या रंगभूमीवर आले. १९६५च्या हिंदीविरोधी आंदोलनाची धग तेव्हा विझलेली नव्हती. आणि नाटकातला तुघलक राज्यावर येऊन फारसी ही राजभाषा करून टाकतो! (आमच्या कचेरीत सप्टेंबरातला हिंदी पंधरवडा आला की मला हटकून त्याची आठवण होते.) ज्याने राजधानी आमच्या देवगिरीला हलवली, त्या सुलतानाला मतपेटीतून निवडून आणणारा जमाव नाटकात आहे, आणि तो जमाव म्हणजे समोर बसून टाळ्या देणारा प्रेक्षकच, हा त्या नाटकाचा डंख. १९७१ साली चो यांनी स्वतःच त्याचा चित्रपट केला. चित्रपटाला हवी तेवढी गर्दी जमवता येते. परंतु पडद्यावरची गर्दी आणि खुर्चीतली गर्दी एक आहे, हे त्याला तितक्या सहजतेने भासवता येत नाही. माध्यम बदलल्यावर काय गमावते, ते येथे दिसते. 'स्टिक ऑफ ट्रुथ'ने जे गमावले त्याच्या मोबदल्यात दुसरे काही मिळवले, एवढे तिच्या विरोधकांनी मान्य करावयास हवे.

२०१७चा 'द फ्रॅक्चर्ड बट होल' लढाईच्या रचनेत सरस आहे, याबद्दल दुमत फारसे नाही. पहिल्या खेळातली लढाई फार सोपी होती. पण दुसऱ्यातला सर्वांत तीक्ष्ण क्षण लढाईत नाहीच. आरंभी खेळाची काठिण्यपातळी निवडावयाची असते; ती वाढवीत नेली की नायकाच्या कातडीचा रंग गडद होत जातो, आणि लढाईवर याचा काही परिणाम होणार नाही, आयुष्यातल्या बाकी सर्व गोष्टींवर होईल, अशा अर्थाचा शेरा कार्टमन मारतो. गोरेपणाच्या मलमांच्या जाहिराती पाहत वाढलेल्या आपल्या देशात या थट्टेला भाषांतराची गरज नाही. हा विनोद मालिकेत होऊच शकला नसता. येथे रंग निवडणारा हात आपला असतो.

२०२४ साली 'स्नो डे' आला. कागदाची कात्रणे गेली, आकृतींना गोलाई आली, चौघांना एकत्र खेळता येऊ लागले, आणि बऱ्याच जुन्या चाहत्यांची निराशा झाली. वाद चित्राच्या सपाटपणावरून पेटला खरा. माझी तक्रार निराळी आहे. येथे लढता पुष्कळ येते, पण ज्याच्या मूर्खपणावर हसावे असा खेळणारा त्यात नाही. आमच्या त्या दोन सहकाऱ्यांपैकी एकाने तो दोन संध्याकाळी खेळून मिटवून ठेवला. दुसऱ्याने तो अद्याप विकत घेतलेला नाही, मात्र त्याच्या बाजूने भांडतो तोच.