नेपथ्यातील लेखनिक

राज्यग्रहणाचा समारंभ नाट्यविषय करू पाहणाऱ्या लेखकापुढे एक अडचण उभी राहते. त्या समारंभात जे घडावयाचे ते आधीच ठरलेले असते. अमेरिकेच्या अध्यक्षाची शपथ अवघी ३५ शब्दांची आहे आणि ती राज्यघटनेतच लिहिलेली आहे. तीत बदल संभवत नाही, म्हणून संघर्षही संभवत नाही. एरन सॉर्किन यांनी ‘द वेस्ट विंग’ (१९९९–२००६) या दूरचित्रवाणीवरील नाट्यमालिकेत ही अडचण ओळखून समारंभाकडे जवळजवळ पाठ फिरविली आहे. चौथ्या पर्वातील शपथविधीचे दोन भाग फेब्रुवारी २००३ मध्ये प्रक्षेपित झाले. त्यांत व्यासपीठापेक्षा व्यासपीठामागील खोल्याच अधिक दिसतात. अध्यक्ष बार्टलेट यांचा सेवक-सहायक चार्ली शपथेसाठी योग्य बायबल शोधीत हिंडतो. हा धागा विनोदाचा असून तेवढ्यापुरताच आहे. खरे नाट्य भाषणाच्या मसुद्यात आहे.

कुंदू नामक कल्पित आफ्रिकी देशात एका जमातीची कत्तल चालू आहे, आणि परराष्ट्रधोरणाविषयीचा मजकूर लिहिण्यास नव्याने आलेला विल बेली हा तरुण बसला आहे. परंपरागत धोरणाची सावध वाक्ये त्याला खोटी वाटतात. अध्यक्ष त्याला विचारतात, की कुंदूतील माणसाच्या प्राणाचे मोल अमेरिकन माणसाच्या प्राणाहून मला कमी का वाटावे? विल उत्तर देतो, की कारण ठाऊक नाही, पण ते तसे आहे खरे. या उत्तरात ना युक्तिवाद आहे ना उपदेश. केवळ वस्तुस्थितीची कबुली आहे. हाताखालच्या माणसाने वरिष्ठाला सुनावणे हा नाटकांतील जुना प्रकार. येथे मात्र सुनावणारा स्वतःला वेगळा काढीत नाही, आणि प्रश्न विचारणाराही आपला बचाव करीत नाही. पुढे सैन्य पाठविण्याचा निर्णय होतो, त्याचे बीज या क्षणात आहे.

राज्यकारभाराची गती एका लेखनिकाच्या हाती असावी ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. ‘मुद्राराक्षसा’त शकटदासाच्या अक्षरातील पत्रावर साऱ्या कपटाची उभारणी आहे. पण शकटदासाला आपण काय लिहीत आहोत याचा पत्ता नसतो. विल बेलीला तो पुरता आहे. प्रत्यक्ष इतिहासातही अशा लेखणीचे उदाहरण सापडते. केनेडी यांचे २० जानेवारी १९६१ चे भाषण जवळजवळ सर्वस्वी परराष्ट्रविषयक होते. मानवी हक्कांच्या वाक्यात स्वदेशाचाही उल्लेख हवा, असा आग्रह हॅरिस वॉफर्ड व लुई मार्टिन या सहकाऱ्यांनी धरला, म्हणून दोन शब्द वाढले. वर्णद्वेषाविरुद्ध लढणाऱ्यांना त्या भाषणात तेवढाच आधार मिळाला.

कुंदूमागे रुआंडा उभा आहे, हे उघड आहे. १९९४ मध्ये तेथे सुमारे शंभर दिवसांत अंदाजे आठ लक्ष माणसे मारली गेली. आदल्याच वर्षी सोमालियात १८ अमेरिकन सैनिक गमावलेल्या वॉशिंग्टनने हस्तक्षेप केला नाही. ‘वंशसंहार’ हा शब्द उच्चारला तर कर्तव्य अंगावर येईल, या भीतीने सरकारी प्रवक्ते ‘वंशसंहाराच्या कृती’ अशी कसरत करीत राहिले. शब्दांच्या आड दडणाऱ्या राज्यकर्त्यांना शब्दांनीच बाहेर काढावे, हा सॉर्किन यांचा हेतू या दोन भागांपुरता सफल झाला आहे. डॉना या कर्मचारिणीचा उपकथानकही तोच सूर धरतो. वृत्तपत्रात निनावी आलेल्या विधानाचा दोष ती दुसऱ्याला वाचविण्यासाठी स्वतःवर घेते, आणि सत्य उमगताच सहकारी रात्री तिच्या खिडकीवर बर्फाचे गोळे मारून तिला मेजवानीस नेतात. प्रसंग गोड आहे, कदाचित थोडा अधिकच.

तथापि या कृतीचे मोठे वैगुण्य याच ठिकाणी आहे. डॉनाच्या खिडकीला जेवढी जागा मिळते, तेवढीही कुंदूतील एखाद्या मरणाऱ्या माणसाला मिळत नाही. त्याचे दुःख अहवालातून कळते, आणि त्याचा उपयोग अध्यक्षांचे मन कसे हलले हे दाखविण्याकडे होतो. दुसऱ्या पर्वात कुंदूचे अध्यक्ष निंबाला औषधांची याचना करण्यास व्हाइट हाउसमध्ये आले होते. तेव्हा त्या देशाला निदान एक चेहरा आणि एक आवाज होता. चौथ्या पर्वात कुंदू पुन्हा प्रकर्षाने येतो तो तीन अमेरिकन सैनिक पकडले जातात तेव्हा, म्हणजे आपले प्राण धोक्यात आल्यावर.

याहून बोलकी गोष्ट त्याच पर्वाच्या अखेरीस घडते. मे २००३ मध्ये प्रक्षेपित झालेल्या भागांत अध्यक्षांची कन्या झोई हिचे अपहरण होते. बार्टलेट राज्यघटनेच्या पंचविसाव्या दुरुस्तीचा आश्रय घेऊन पदाचे अधिकार सोडतात. पिता म्हणून विवेक शाबूत राहणार नाही, हे त्यांना कळते, आणि मालिका त्या निर्णयाला संपूर्ण समर्थन देते. त्या निर्णयात खोटे काहीच नाही; उलट तो भाग उत्तम वठला आहे. परंतु सहस्रावधी कुंदूवासीयांसाठी अध्यक्षांनी एका रात्री मन हलू दिले, आणि एका मुलीसाठी सारी मालिका थांबली. विल बेलीने जानेवारीत दिलेले उत्तर मालिकेने मे महिन्यात स्वतःच्या रचनेने पुन्हा दिले. फरक इतकाच, की या वेळी अध्यक्षांना तो प्रश्न कोणी विचारला नाही.