थर्मामीटरच्या आधी

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे छोटेखानी आत्मपर लेखन मी गेली काही वर्षे पदवीच्या वर्गाला शिकवीत आहे. त्यातील बडोद्याचा आणि दौलताबादच्या हौदाचा प्रसंग विद्यार्थ्यांनी जयंतीच्या भाषणांतून ऐकलेला असतो. काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र मात्र बहुतेकांना नवे असते. हे पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’मध्ये प्रसिद्ध झाले होते, बाबासाहेबांनी ते आपल्या लेखनात घेतले.

शिक्षकाची पत्नी बाळंत होते आणि दोनच दिवसांत आजारी पडते. हगवण लागते, छाती भरते, श्वास घेता येत नाही. नवरा डॉक्टरकडे धावतो. डॉक्टर म्हणतो, मी तुमच्या वस्तीत येणार नाही आणि तेथे तपासणारही नाही. मग नगरशेठ आणि दरबार यांच्याकडे रदबदली होते. दोन रुपये फीची हमी मिळते. त्यानंतरही अट अशी की, बाळंतिणीला वस्तीबाहेर आणावे. दोन दिवसांची ओली बाळंतीण मुलासह बाहेर आणली जाते. डॉक्टर थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती देतो, तो नवऱ्याच्या हाती देतो, नवरा पत्नीला लावतो. त्याच क्रमाने ते परत जाते. दिव्याच्या उजेडात डॉक्टर पाहतो आणि न्यूमोनिया असल्याचे सांगून औषध देतो. पुढे तो पुन्हा यायला तयार होत नाही. बाई मरते.

हा प्रसंग शिकविताना वर्ग सुन्न होतो. मीही त्या थर्मामीटरवरच थांबत असे. तीन हातांतून फिरणारी ती काचेची नळी म्हणजे अस्पृश्यतेचे केवढे नेमके चित्र, असे मी दरवर्षी सांगत असे. यंदा एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, ती बाई आजारी पडायच्या आधी तिच्याकडे कोण आलं होतं?” या मुलीची आई गावात ‘आशा’ म्हणून काम करते. आमच्या हातातील पाठात त्या प्रश्नाला उत्तर नव्हते. पण हा प्रश्न मला आजवर का पडला नाही, याचा विचार करताना मला आपल्या साहित्याबद्दल आणि समीक्षेबद्दल काही म्हणावेसे वाटू लागले. ते असे.

रोगी डॉक्टरकडे जातो. प्रतिबंधक सेवा मात्र निरोग्याच्या दारी यावी लागते. हा भेद साधा आहे, पण जातिव्यवस्थेत त्याला भयंकर अर्थ येतो. उपचार पैशाने विकत घेता येतो. काठेवाडातल्या शिक्षकालाही दोन रुपयांत, अपमानासकट का होईना, अर्धामुर्धा उपचार मिळाला. पण गरोदरपणी कोणी येऊन पाहून जाणे, पाणी तपासणे, लस टोचणे, पोराचे वजन घेणे या गोष्टी कुणी आपणहून उंबरठ्यापाशी आल्याशिवाय होत नाहीत. ज्या वस्तीत पाऊल टाकणेच विटाळ, तेथे सर्वप्रथम मरतो तो प्रतिबंध. थर्मामीटर हातोहात फिरविता येते, वस्तीतली फेरी कशी फिरविणार?

आपल्या आत्मकथनांनी अपमानाचे प्रसंग अत्यंत सामर्थ्याने नोंदविले. दवाखान्याच्या पायरीवर ताटकळणे, वरून टाकलेली पुडी, नाडी न बघता दिलेले औषध हे सारे मराठी वाचकाला आपल्या लेखकांमुळेच कळले. त्याचे मोल मी तिळभरही कमी करीत नाही. परंतु अपमानाचा प्रसंग होतो, अनुपस्थितीचा प्रसंग होत नाही. न आलेली नर्स, न टोचलेली लस यांना संवाद नसतात, खलनायक नसतो. म्हणून लेखणी तेथे थांबत नाही आणि समीक्षकही थांबत नाही. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) मला या दृष्टीने वेगळे वाटते. महारवाड्यातील बाळंतपणे त्यांनी लिहिली आहेत, ती कुणा एका डॉक्टरच्या क्रौर्याची कथा नाही. कोवळ्या वयाची बाळंतीण, पोटात भूक आणि भोवती अडाणी सुईणपण. म्हणजे जेथे कोणीच आलेले नाही अशा जगाचे ते वर्णन आहे. त्या पुस्तकाची चर्चा आपण स्त्रीच्या दुःखाचे चित्रण म्हणून केली. आरोग्यव्यवस्थेवरील आरोपपत्र म्हणून ते वाचायचे राहून गेले.

हीच चूक आपण इतिहासातही करतो. १८९७ च्या पुण्यातील प्लेगचे मराठी वाङ्मय काढून पाहा. रँडचे सोल्जर घरात शिरले, स्वयंपाकघर आणि देवघर बाटले, हा संताप त्यात पानोपानी आहे. जुलूम होता यात शंका नाही. त्याच साली मुंबईत हाफकीन यांनी प्लेगची लस तयार केली; सरकारला मात्र प्रतिबंध म्हणजे झडती आणि सक्ती एवढेच प्रथम सुचले. परंतु ज्यांच्या देवघरात सरकार शिरले त्यांचे गाऱ्हाणे इतिहास झाले. ज्यांच्या झोपडीत एरव्ही कोणीच शिरत नव्हते त्यांचे गाऱ्हाणे झालेच नाही. त्याच प्लेगात सावित्रीबाई आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी हडपसरजवळ सासाणे मळ्यात दवाखाना उभारला. मुंढव्याच्या महारवाड्यातील प्लेगग्रस्त मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः उचलून तेथे नेले. त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. आपण या घटनेतून हौतात्म्य तेवढे घेतले. भिंतीवरच्या चित्रात पाठीवर मूल घेतलेली माऊली असते, मागचा दवाखाना नसतो. खरे तर सावित्रीबाईंचे मोठेपण मरणात नव्हे, वस्तीत जाण्यात आहे. त्या महारवाड्यात गेल्या, म्हणून रोगी कळला. त्यांना देवी करून आपण त्यांची कार्यपद्धती गमावली.

आणखी एक विसंगती आहे. गावाचे आणि शहराचे प्रतिबंधक आरोग्य आजवर राखले कोणी? मेलेली ढोरे ओढणारे, मैला वाहणारे, गटारे उपसणारे कोण होते? देशाच्या अनेक भागांत सुईणपणही दलित स्त्रियांकडेच होते. गावाला रोगापासून दूर ठेवणारा माणूस गावाबाहेर, आणि त्याच्या आरोग्याची चौकशी मात्र कोणाच्याच कामात नाही. हाताने मैला उचलण्याविरुद्ध १९९३ मध्ये कायदा झाला, २०१३ मध्ये अधिक कडक कायदा झाला. तरीही गटारात गुदमरून माणसे मरतातच. हा केवळ कामगारप्रश्न नाही, सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे.

स्वातंत्र्यानंतर काही झाले नाही असे मी म्हणणार नाही. १९४६ च्या भोर समितीने उपचार आणि प्रतिबंध एकाच छपराखाली आणण्याची शिफारस केली. पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रे आली; आज ३०,००० लोकसंख्येला, डोंगरी आणि आदिवासी भागांत २०,००० ला, एक केंद्र असा निकष आहे. २००५ पासून हजार वस्तीमागे एक ‘आशा’ आली. देवी गेल्या, पोलिओ गेला. माझ्या आईच्या तोंडावर देवीचे व्रण आहेत, माझ्या तोंडावर नाहीत. हा फरक मी विसरू शकत नाही. परंतु निकष लोकसंख्या मोजतो, उंबरठे मोजीत नाही. ११ राज्यांतील ५६५ गावांची अस्पृश्यतेविषयीची पाहणी २००६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. सुमारे एक तृतीयांश गावांत सरकारी आरोग्य कर्मचारी दलितांच्या घरी जाण्याचे नाकारतात, असे तीत आढळले. त्याच वर्षी १३ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने नव्या अंगणवाड्या देताना अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना प्राधान्य द्या असा आदेश दिला. आदेश द्यावा लागला, यातच सर्व आले.

त्या विद्यार्थिनीने पुढे जे सांगितले ते या आकड्यांना धरूनच होते. तिच्या गावात लसीकरण देवळाच्या सभामंडपात होते. “आमच्या बाया पायरीवर थांबतात. नर्सबाई चांगल्या आहेत, त्या पायरीपर्यंत येतात.” लस मिळते, रजिस्टर पूर्ण भरते, वरिष्ठ समाधानी असतात. जी कुटुंबे ऊसतोडीला गेली त्यांची पोरे मात्र त्या दिवशी गावात नसतात. कोणी कुणाला शिवी दिलेली नाही. थर्मामीटर हातोहात फिरलेले नाही. यावर कथा कोण लिहिणार?

यावर ठरावीक उत्तर येते की, वस्तीतले लोकच अडाणी, सुईला भितात, जनजागृती हवी. भीती असते, हे मी नाकारीत नाही. आपल्या घरांतल्या अंगारेधुपाऱ्यांवर आपण बोललेच पाहिजे. पण जो माणूस फक्त सुई घेऊन वर्षातून चार वेळा येतो आणि पाणीसुद्धा न पिता जातो, त्याच्यावर विश्वास कसा बसावा? काठेवाडातला तो नवरा तर शिक्षक होता. त्याला जनजागृतीची गरज नव्हती.

म्हणून कार्यकर्त्यांना माझे सांगणे एवढेच की, दवाखान्यात अपमान झाला म्हणजे आपण मोर्चा नेतो, तो न्यावाच; पण लसीकरणाचे सत्र कोठे भरते, गरोदर बायांच्या यादीत वस्तीतली किती नावे आहेत, ‘आशा’ला कामागणिक तुटपुंजा मोबदला का, पगार का नाही, हेही दर महिन्याला विचारावे. सत्र देवळातून वस्तीच्या समाजमंदिरात आणणे ही मागणी लहान दिसते. चार गावांत करून पाहा, कोणाकोणाला ती सोसत नाही ते कळेल. लेखकांना सांगणे अधिक अवघड आहे. जे घडले ते आपण लिहिले. जे घडायला हवे होते आणि घडले नाही, ते लिहिण्याची भाषा आपल्याला अजून शोधायची आहे. पुढच्या वर्षी मी तो पाठ पुन्हा शिकवीन. या वेळी सुरुवात थर्मामीटरपासून करणार नाही. बाळंतपणाच्या आधीच्या नऊ महिन्यांपासून करीन.