‘देवाचा दरबार’ आणि आपली मंडळी

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे एखादे तरी पद गायिले गेले नाही असा रविवार मराठी मंडळ्यांत विरळाच. ज्या पिढीने टिळकांना पाहिले नाही, त्यांचे चरित्र वाचले नाही, त्या पिढीच्याही ओठी त्यांचे शब्द आहेत. परंतु याच टिळकांनी आयुष्याच्या अखेरीस मिशनचा पगार सोडला, साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला आणि बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांना एका बंधुत्वात बोलाविले, ही गोष्ट मात्र आपण चरित्रातील एका परिच्छेदापुरती लक्षात ठेवितो. गीते वेदीपर्यंत आली. दरबार दाराबाहेर राहिला. असे का झाले, आणि त्यात दोष दरबाराचा किती व आपला किती, हे तपासून पाहण्याचे प्रस्तुत लेखात योजिले आहे.

हा केवळ इतिहासाचा प्रश्न नव्हे. ज्यांस पाळक नाही, नोंदवही नाही, मंदिराची इमारत नाही, असे घरोघर जमणारे लहान प्रार्थनागट आमच्या बहुतेक वाचकांच्या परिचयाचे असतील. त्यांच्याविषयी आपल्या बैठकांत दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, ही बेशिस्त आहे; दुसरा म्हणतो, हीच खरी मंडळी. दोन्ही सूर उतावळे आहेत, असे आम्हांस वाटते. टिळकांचा प्रयोग त्या दोहोंची परीक्षा घेण्यास उपयोगी पडतो.

प्रथम घटनाक्रम ध्यानात घ्यावा. टिळकांचा जन्म 1861 चा. त्यांचा बाप्तिस्मा मुंबईस 10 फेब्रुवारी 1895 रोजी झाला. त्यानंतर अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी शिक्षक, उपदेशक, कवी व ‘ज्ञानोदया’चे संपादक या नात्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ सेवा केली. 1917 मध्ये ते मिशनच्या सेवेतून मुक्त झाले व दरबाराची कल्पना त्यांनी लोकांपुढे ठेविली. 9 मे 1919 रोजी त्यांचे निधन झाले. म्हणजे दरबारास त्यांच्या हयातीची जेमतेम दोन वर्षे मिळाली, आणि त्यांच्यामागे तो टिकला नाही. इतक्या अल्पजीवी संस्थेस ‘अयशस्वी’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण तिच्यामागील प्रश्न अल्पजीवी नव्हता.

टिळकांना नवा पंथ काढावयाचा नव्हता. येथील ख्रिस्ती मनुष्य मिशनचा आश्रित व नोकर होऊन बसला आहे, त्यामुळे त्याची साक्ष पगारी वाटते, आणि ख्रिस्तावर प्रीती करणारा हिंदू मनुष्य ख्रिस्ताशी नव्हे तर मिशनच्या आवाराशी अडखळतो, हे त्यांचे निदान होते. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो असे सांगणाऱ्या पुरुषास हे आवार कोंदट वाटावे, यात नवल नाही. दरबार हा त्या आवाराचा दरवाजा उघडण्याचा प्रयत्न होता.

या प्रयत्नाकडे पाहण्याच्या दोन खिडक्या आपल्यापाशी आहेत. जे. सी. विन्स्लो यांचे 1923 चे इंग्रजी चरित्र ही एक, आणि 1934 पासून भागशः प्रसिद्ध झालेली लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ही दुसरी. विन्स्लो हे चाहते. त्यांस गुरू दिसतो, ध्येय दिसते. लक्ष्मीबाईंना घर दिसते. टिळकांच्या औदार्याला हिशेब ठाऊक नव्हता; कोणीही यावे, राहावे, जेवावे; आणि त्या औदार्याचा भार कोणाच्या चुलीवर पडे, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचल्यावाचून कळत नाही. अनौपचारिक मंडळीची चिकित्सा करणाऱ्याने ही दुसरी खिडकी कधीही बंद ठेवू नये. व्यासपीठावरून जे बंधुत्व दिसते त्याचे खरे वजन स्वयंपाकघरात कळते.

याच ग्रंथात टिळकांच्या बाजूचा सर्वांत बळकट पुरावा आहे. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर लक्ष्मीबाई त्यांच्यापासून काही वर्षे दुरावल्या. पुढे त्या परतल्या त्या आपले सोवळे व आपली वेगळी चूल घेऊन. बाप्तिस्मा न झालेली, किंबहुना त्यास कडवा विरोध करणारी व्यक्ती टिळकांच्या स्वतःच्याच घरात होती, आणि तिची वाट पाहणे त्यांस शिकावे लागले. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा 1900 मध्ये झाला. परंतु त्याआधीच एक गोष्ट घडली होती. जातिभेद हा देवाने नव्हे, माणसाने केलेला आहे असा त्यांच्या मनाचा निश्चय झाला, आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास त्या तयार झाल्या. बाप्तिस्म्याचे पाणी मागाहून आले. ताटाची भिंत आधी पडली.

हा क्रम आम्हांस महत्त्वाचा वाटतो, आणि येथेच दरबारावरील आमचा पहिला आक्षेप सुरू होतो. बाप्तिस्मा न घेणाऱ्या शिष्यास बंधुत्वात घ्यावे की नाही, या प्रश्नाचे उत्तर एका दुसऱ्या प्रश्नावर अवलंबून आहे: तो कोणाच्या शेजारी बसून जेवतो? मिशनच्या नगर भागातील मंडळ्या बहुतांशी महार व मांग समाजांतून उभ्या राहिल्या होत्या. त्या लोकांना बाप्तिस्म्याने काय दिले, तर सवर्णांनी नाकारलेले नाव व एका पंक्तीतील जागा. प्रेषित पौल गलतीकरांस लिहिताना (3:27–28) बाप्तिस्मा आणि भेदांचा अंत या दोहोंचा उच्चार एका दमात करितो, तो उगाच नव्हे. आता सवर्ण सज्जन ख्रिस्तावर प्रेम करील, भजनास बसेल, आणि घरी जाऊन आपल्या पंक्तीत जेवील, तर त्याची भक्ती खरी असेलही, पण ते बंधुत्व नव्हे. टिळक स्वतः जातीच्या बंधनातून पूर्णपणे मुक्त होते. त्यांच्या घरी सर्व जातींची मुले वाढली. पण संस्थापकाच्या वैयक्तिक मुक्ततेवर संस्थेचे धोरण उभे राहत नसते. ‘दरबार’ हा शब्दच पाहावा. दरबार म्हटला की मानकरी आले आणि मानाच्या जागा आल्या. सिंहासन ख्रिस्ताचे खरे. पण खाली कोण कोणाजवळ बसणार, याचा निकाल लावण्याइतका अवधी दरबारास मिळाला नाही.

दुसरा आक्षेप संस्थापकाविषयी आहे. ज्या मंडळीस घटना नसते, तिला नेता नसतो असे नाही. तिला फक्त नेत्यावर अंकुश नसतो. टिळकांसारख्या निर्लोभी पुरुषाच्या हाती हे निभावले. तथापि त्यांच्या निधनाबरोबर दरबारही उठला. याच्या शेजारी एक गोष्ट ठेवून पाहावी. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्यही अपुरे ठेविले होते. ते लक्ष्मीबाईंनी पुढे लिहिले, कारण काव्याचा आराखडा स्पष्ट होता आणि लेखणी उचलणारे दुसरे माणूस सिद्ध होते. दरबारास ना तसा आराखडा होता, ना तसे दुसरे माणूस.

विन्स्लो यांनी 1922 मध्ये स्थापिलेल्या ख्रिस्त सेवा संघाची कथा याच्या उलट आहे. तेथे राहणीचा नियम होता, दिवसाचा क्रम होता, मंडळीच्या अधिकाराशी नाते होते. 1934 मध्ये विन्स्लो भारतातून परत गेले, संघात फूटही पडली. तरीही पुण्याच्या त्या आश्रमात 1972 मध्ये अँग्लिकन व कॅथलिक भगिनींनी मिळून आश्रमजीवन पुन्हा सुरू केले. नियम ही अनौपचारिकतेची शत्रू नव्हे. नियमामुळेच ती एका माणसाच्या आयुष्यापलीकडे जाते. आणखी मागे पाहिले तर 1886 मध्ये मद्रासेस डॉ. पुलनी अँडी यांनी काढलेली राष्ट्रीय मंडळी आणि 1887 मध्ये कलकत्त्यास कालीचरण बॅनर्जी यांचा ख्रिस्तो समाज हेही परदेशी पंथभेद नाकारून उभे राहिले व लवकरच मावळले. स्वदेशी असण्याने आयुष्य वाढतेच असे नाही.

इतके आक्षेप घेतल्यावर कोणास वाटेल की आम्ही दरबारास दोषी ठरवून मंडळीस निर्दोष सोडीत आहोत. तसे नाही. टिळकांचा प्रश्न 1919 नंतर आपण मिटविला नाही. तो केवळ दृष्टिआड केला. 1971 च्या सुमारास एम. एम. थॉमस व बिशप लेस्ली न्यूबिगिन यांच्यात जो वाद झाला तो याच प्रश्नाचा होता. ख्रिस्तकेंद्रित सहभागिता हिंदू समाजाच्या आत राहूनही शक्य असली पाहिजे, असे थॉमस यांचे म्हणणे. दृश्य, एकत्र जमणारी मंडळी टाळता येणार नाही, असे न्यूबिगिन यांचे. आम्हांस न्यूबिगिन यांची बाजू अधिक पटते. परंतु ती पटली म्हणून थॉमस यांनी दाखविलेली माणसे नाहीशी होत नाहीत.

शिवाय आजचा ‘बाप्तिस्मा न झालेला शिष्य’ टिळकांच्या काळचा सुशिक्षित ब्राह्मण मित्र राहिलेला नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी बांधला गेला. 1956 मध्ये शीख व 1990 मध्ये बौद्ध यांस तो मिळाला, ख्रिस्ती झालेल्या दलितास मात्र नाही. मध्य प्रदेशात 1968 पासून व गुजरातेत 2003 पासून धर्मांतरविषयक कायदे आहेत, आणि 2021 मध्ये दोन्ही राज्यांनी ते अधिक कडक केले. मुलाची शिष्यवृत्ती जाईल म्हणून जी आई बाप्तिस्मा लांबणीवर टाकते, तिला आपण ‘दोन दगडांवर पाय ठेवणारी’ म्हणतो. टिळकांनी तिला निदान बसावयास जागा दिली असती.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा दहावा व अकरावा अध्याय येथे एकत्र वाचावा. कर्नेल्याच्या घरी पवित्र आत्मा आधी उतरला. पेत्राने बाप्तिस्म्याची आज्ञा त्यानंतर केली, पण केली. म्हणजे क्रम देवाच्या हाती आहे, आणि बाप्तिस्मा ऐच्छिक अलंकारही नव्हे. यानंतरचा भाग आपण सहसा वाचून पुढे जातो. यरुशलेमेस पेत्रावर जो ठपका आला तो बाप्तिस्म्याबद्दल नव्हता. सुंता न झालेल्यांच्या घरी जाऊन त्यांच्याबरोबर जेवल्याबद्दल होता. पहिल्या मंडळीला खुपले ते ताट.

म्हणून आपल्या क्षेत्रात असा एखादा गट जमत असेल, तर पाळकाने व प्रचारकाने प्रथम नोंदवही मागू नये. तेथे जावे, बसावे, आणि काही गोष्टी पाहाव्यात. तेथे कोण कोणाबरोबर जेवते? पैसा कोणाच्या हाती आहे, व त्याचा हिशेब दुसरे कोणी पाहते काय? प्रमुख आजारी पडला तर पुढच्या आठवड्यात वचन कोण वाचील? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील तर बाप्तिस्म्याची शिकवण धीराने, पण न लपविता द्यावी. नसतील तर त्या गटात सर्वांचे बाप्तिस्मे झालेले असले तरीही काळजी करावी. आणि हेच प्रश्न घेऊन परत येताना ते आपल्या नोंदलेल्या, घटना असलेल्या, इमारत असलेल्या मंडळीसही विचारावेत. पंक्ती, हिशेब व वारस यांबाबत आपण दरबाराहून फार पुढे गेलो आहोत, असे आम्हांस छातीठोकपणे म्हणवत नाही.