‘पतित’ आणि ‘पडीत’

नागभीडच्या धानपट्ट्यात एखाद्या बांधीत रोवणी झाली नाही, तर ती ‘पडीत’ राहिली असे म्हणतात. त्यात बांधीवर ठपका नसतो. पाऊस आला नसेल, मजूर मिळाले नसतील. पुढल्या हंगामात नांगर फिरला की ती पुन्हा वाहितीखाली येते.

नैतिक अधोगतीसाठी वापरला जाणारा ‘पतित’ हा शब्दही त्याच ‘पत्’ धातूच्या कुळातला. धर्मशास्त्रात पातक म्हणजे पाडणारे कर्म आणि ते करणारा तो पतित. म्हणजे शब्द मुळात कृत्याशी बांधलेला. पुढे तो माणसालाच चिकटला. संतांनी विठ्ठलाला ‘पतितपावन’ म्हटले, तेव्हा पतित हे भक्ताने नम्रतेने स्वतःकडे घेतलेले नाव होते. १९३१ साली रत्नागिरीत सावरकरांच्या पुढाकाराने आणि भागोजीशेठ कीर यांच्या दातृत्वाने सर्व जातींना खुले असलेले मंदिर उभे राहिले, त्याचेही नाव ‘पतितपावन’. हेतू समतेचा होता. तरी प्रश्न उरतोच: ज्यांना देवळाबाहेर ठेवले ते पतित, की ज्यांनी ठेवले ते?

स्त्रीलिंगात हा शब्द अधिकच निष्ठुर होतो. ‘पतिता’ म्हटले की भक्तीची नम्रता गळून पडते आणि देहविक्रयाचा शिक्का तेवढा उरतो. तिच्याकडे जाणाऱ्या पुरुषासाठी मात्र तितका रुळलेला शब्द नाही.

‘पडीत’ म्हणताना शेतकरी कारण सांगतो. ‘पतित’ म्हणताना आपण ते विचारतही नाही. साहित्यातल्या अधःपतनाच्या कथा वाचताना पाडणारा कोण, हे आधी शोधले पाहिजे.