हिल्व्हरसमची मैफल

कलावंताची जी ध्वनिमुद्रणे बाजारात आली, त्यांवरूनच आपण त्याच्याविषयी मत बनवितो आणि पुढे त्या मतालाच सत्य मानून चालतो. अमेरिकन जॅझ पियानोवादक बिल एव्हन्स (१९२९–१९८०) यांच्या वाट्याला असेच एक ठरीव मत आले. अंतर्मुख, हळुवार, स्वतःशीच बोलणारा वादक ही त्यांची प्रतिमा. २०१७ साली प्रसिद्ध झालेली ‘अनदर टाइम : द हिल्व्हरसम कॉन्सर्ट’ ही तबकडी त्या प्रतिमेची फेरतपासणी करावयास लावते.

२२ जून १९६८ रोजी हॉलंडमधील हिल्व्हरसम येथे रेडिओच्या स्टुडिओत, मोजक्या श्रोत्यांसमोर ही मैफल झाली. डबल बासवर तेवीस वर्षांचे एडी गोमेझ, ड्रम्सवर पंचवीस वर्षांचे जॅक डिजॉनेट. हे त्रिकूट जेमतेम सहा महिने टिकले. याच मैफलीच्या आठवडाभर आधी मॉन्त्रो येथे त्यांनी केलेले वादन तेवढे दीर्घकाळ तबकडीरूपाने रसिकांना ठाऊक होते. तिला ग्रॅमी पुरस्कारही लाभला. परंतु एका तबकडीवरून त्रिकुटाचा स्वभाव कसा ठरावा?

आपल्याकडे ‘साथसंगत’ हा शब्द आहे. मुख्य कलावंत पुढे, साथीदार मागे, अशी त्यात कल्पना असते. एव्हन्स यांनी स्कॉट लाफारो आणि पॉल मोशियन यांच्यासह १९६१ पर्यंत ही उतरंड मोडीत काढली होती. त्या वर्षी लाफारो मोटार अपघातात गेले आणि तो संवाद तुटला. हिल्व्हरसमला तो पुन्हा जुळलेला ऐकू येतो, मात्र निराळ्या रीतीने. ‘एम्ब्रेसेबल यू’मध्ये बोलण्याचा मान बासकडे जातो, ‘नार्डिस’मध्ये ड्रम्सचा आवेग उसळतो. डिजॉनेट केवळ ताल राखीत नाहीत. ते प्रश्न विचारतात आणि एव्हन्स यांना ठाम, कधी चढ्या स्वरात उत्तर द्यावे लागते. वडिलांच्या निधनानंतर रचलेल्या ‘टर्न आउट द स्टार्स’मध्येही शोक आहे, परंतु शैथिल्य नाही.

उणीव दाखवावयाची तर नऊ रचनांपैकी काही, रंग भरू लागताच आटोपतात. १९६१ च्या ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’च्या मैफलीची खोली येथे सर्वत्र नाही.

दिवंगत कलावंताची अप्रकाशित फीत उघडावी काय, हा प्रश्न योग्यच आहे. त्याने स्वतः नाकारलेले वादन चव्हाट्यावर आणणे आम्हांस रुचत नाही. येथे मात्र श्रोत्यांसाठीच केलेले वादन उशिरा श्रोत्यांपर्यंत पोहोचले आहे.

हळुवार म्हणून नावाजलेला माणूस योग्य सोबत मिळताच किती निर्भय होऊ शकतो, हे या तबकडीत ऐकावयास मिळते. त्या निर्भयतेचे श्रेय मागे बसलेल्या दोन तरुणांना देण्यास पन्नास वर्षे लागावीत, एवढेच आम्हांस खटकते.