सूर गाणाऱ्याचा की बांधणाऱ्याचा?

पुणतांब्याच्या गोदाकाठी आपण वाढलो ते भजन-कीर्तनाच्या सुरांत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी नगर जिल्ह्यात ख्रिस्ती कीर्तनाला जे वळण लावले, ते पुढे आपणही आपलेसे केले. गोव्यातील ख्रिस्ती मुलांची वाट वेगळी. धर्मग्रामाच्या शाळेत ती स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकत आणि तेथे तयार झालेले अनेक वादक मुंबईच्या हॉटेलांत व हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत पोहोचत. मडगावचे ख्रिस पेरी हे त्याच परंपरेतले. ट्रंपेट व सॅक्सोफोन वाजवणारे, गीते रचणारे आणि त्यांना चाली देणारे. 

साठच्या दशकात त्यांच्या वाद्यवृंदात लोर्ना कोर्देरो ही तरुण गायिका आली आणि कोंकणी गाण्याचा चेहरामोहरा पालटला. संथ, विरहव्याकूळ मांडोवर पोसलेल्या कानांना जाझचा ठेका आणि पितळी वाद्यांची ललकारी प्रथम परकी वाटली असल्यास नवल नाही. पण भाषा घरची होती आणि माणसेही ओळखीची. ‘बेबदो’ ह्या गाण्यातला दारुडा कोणत्या गावात नाही? लोर्नाचा आवाज त्याची नुसती टिंगल करीत नाही. त्या थट्टेत कीवही मिसळलेली आहे. ‘पिसो’ ऐकतानाही हेच जाणवते. चाल नाचायला लावते, आवाज मात्र आपल्याला क्षणभर थांबवतो. ह्या दोन विरुद्ध ओढींतच त्या गाण्यांचे सामर्थ्य आहे.

1970 च्या दशकाच्या प्रारंभी ही जोडी फुटली. त्यामागील खासगी कारणांशी समीक्षेला कर्तव्य नाही. परिणामांशी मात्र आहे. लोर्ना दोन दशकांहून अधिक काळ व्यासपीठापासून दूर राहिल्या.

येथे इंग्लंडमधील एका समकालीन जोडीची आठवण होते. पीटर ॲशर आणि गॉर्डन वॉलर ह्यांचे 1964 चे पहिलेच गाणे ब्रिटन व अमेरिका दोन्हीकडे अग्रस्थानी पोहोचले. त्यावर लेनन–मॅकार्टनी ही नावे होती. तेव्हा प्रश्न निघाला, यश गायकांचे की त्या नावांचे? 1966 मध्ये मॅकार्टनी ह्यांनी ह्याच जोडीसाठी ‘बर्नार्ड वेब’ ह्या टोपणनावाने गीत लिहिले, आणि तेही चालले. 1968 मध्ये जोडी विसर्जित झाली. ॲशर पुढे इतरांची गाणी ध्वनिमुद्रित करून घेणारे नामवंत निर्माते झाले.

तेथे नाव लपवून पाहिले गेले. येथे आवाजच गप्प झाला. 1995 मध्ये रॉनी मोंसेरात ह्यांच्या पुढाकाराने ‘हॅलो लोर्ना’ हा संग्रह निघाला, त्या पुन्हा गोव्यात गायल्या आणि रसिकांनी त्यांना डोक्यावर घेतले. म्हणजे चालबांधणीच सर्वस्व नव्हती. पण रसिकांना त्यांच्याकडून पुन्हा ऐकायची होती ती ख्रिस पेरींचीच जुनी गाणी, हेही विसरून चालणार नाही. 2002 मध्ये पेरी निवर्तले. बार्द्रॉय बार्रेतो ह्यांच्या ‘नाचुंया कुंपासार’ (2014) ह्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट कोंकणी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या काळच्या गोमंतकीय वादकांच्या जीवनावर बेतलेली त्याची कथा पेरींच्याच गाण्यांच्या आधाराने पुढे सरकते. पन्नास वर्षांनंतरही ती गाणी चित्रपट पेलू शकली, ह्यातच त्यांची कसोटी झाली.

ह्या जोडीकडे पाहताना मला आपली भजनी मंडळे आठवतात. सणाच्या मिस्सेनंतर आपण गाणाऱ्याचे कौतुक करतो. चाल बांधणारा पेटीमागे बसलेला असतो आणि त्याचे नाव गीतांच्या वहीतही सहसा उतरत नाही. उलट कुठे चाल बांधणाऱ्याचा दरारा इतका असतो की गाणाऱ्या मुलीला वेगळे गाऊनच दिले जात नाही. दोन्हींत तोटा गाण्याचा. लोर्ना आणि पेरी एकत्र होते तेव्हा कोंकणीला जे मिळाले, त्याची भरपाई पुढे कोणा एकट्याकडून झाली नाही. आपल्या वहीत दोन्ही नावे असावीत, एवढे तरी आपल्या हाती आहे.